चौदा डझनांचा ग्रोस

गुरुवारी संध्याकाळी आम्ही सहाजण जमतो
आगीच्या बंबाच्या जुन्या शेडमध्ये.
सहा, म्हणजे हवा बरी असली तर.
बर्फ पडलं की तिघं, आणि ड्वेनचा कुत्रा.

गावाचं नाव टेलर्स बेंड.
नदी इथं वळते, आणि वळताना
शिंपले टाकून जायची, इतके
की लोकांनी ते उपसले, उकळले,
आणि साठ वर्षं त्यांची बटणं पाडली.
अजून कुणी परसात टोमॅटो लावायला खणलं
की कुदळीखाली शिंपला कचकतो, भोकं पडलेला.
गोल, नेमकी, एकाला एक लागून भोकं.
चंद्र तेवढे काढून नेले
आणि आभाळ दिलं टाकून.

इर्मा क्विस्गार्ड आमची अध्यक्ष. वय एक्याऐंशी.
क्विस्गार्डांतली शेवटची.
हिला भंगाराची हौस, असं कुणी म्हणालं
तर ती त्याला बसवून कॉफी पाजते
आणि उठताना वीस डॉलरची पावती फाडते.

ड्वेन चार वर्षं एकच यंत्र जोडतोय.
पट्टा मिळाला तर कप्पी नाही,
कप्पी सापडली ती कोंबड्यांच्या खुराड्याला
वजन म्हणून लटकलेली.
शाळेची मुलं आली की तो नळीसारख्या करवतीपाशी
आपला हात नेतो, म्हणतो, इथं बोट जायचं.
मुलं त्याची बोटं मोजतात. दहाच असतात.
थोडी नाराज होतात.

मी सगळ्यांत नवा. पोस्टातून निवृत्त.
अक्षर बरं, म्हणून काचेखालच्या चिठ्ठ्या माझ्याकडे.

मार्चमध्ये ऱ्हूडा टिमरमनच्या माळ्यावरून
एक खोका आला. त्यात मोजणीची वही.
नावं नाहीत, नुसते क्रमांक.
डावीकडे आणलेली बटणं, उजवीकडे मांडलेली.
डावीकडे एकशे अडुसष्ट. उजवीकडे एकशे चव्वेचाळीस.
पान उलटलं. तेच.
पुन्हा उलटलं.
जगात ग्रोस बारा डझनांचा असतो,
आमच्या गावात तो चौदांचा होता,
वरचे दोन कुठं गेले, त्याला रकाना नव्हता.
प्रत्येक पानाखाली, माझ्याहून सुरेख अक्षरात,
जेन्स क्विस्गार्ड, मोजणीदार.

कुत्रासुद्धा उठून दाराशी जाऊन बसला.
इर्मानं चष्मा पुसला. मग म्हणाली,
‘आजोबांनी मला मांडीवर घेऊन मोजायला शिकवलं.
बटणांनीच.’
आणि वही पिशवीत घालून घरी घेऊन गेली.

त्या आठवड्यात आम्ही एकमेकांना फोन केले नाहीत.
दुकानात भेटलो तर हवेवर बोललो.
खरं सांगतो, मला वाटलं वही गेली,
आणि वाटलं, गेली तर जाऊ दे,
म्हातारीला या वयात कशाला.

पुढच्या गुरुवारी भरपूर बर्फ.
तिघंच असणार होतो, ती चौथी आली.
वही टेबलावर ठेवली. शेजारी जॅमची बरणी,
तळाशी बटणं, शिवणाच्या कपाटातली.
‘चोवीस आहेत. मी दोनदा मोजली.
वहीबरोबर मांडा.
आणि तू,’ मला म्हणाली, ‘नाव गाळायचं नाहीस.’

मी तीन चिठ्ठ्या लिहिल्या, तिन्ही फाडल्या.
पहिलीत मी फिर्यादी वाटत होतो, दुसरीत वकील.
तिसरीत तर इर्माचा नातेवाईकच.
ऱ्हूडा मात्र जनगणनेची पानं घेऊन बसलीय,
एकसष्ट क्रमांकाची बाई कोण, ते शोधत.
तिला वाटतं पोलिश असावी. का, ते सांगत नाही.

ड्वेननं बरणीतलं एक बटण घेतलं,
खिडकीतला भोकांचा शिंपला उचलला,
आणि एका भोकात ते बसवून पाहिलं.
सैल पडलं. दुसऱ्यात पाहिलं. सैलच.
‘बसायचं नाही,’ तो म्हणाला,
‘मधल्या मध्ये करवत खाते.’

इर्मा कॉफी ओतत होती.
तिनं कप भरले, शिगोशिग, सगळ्यांचे.